उपचार आधी, हिशेब नंतर

फरीदाबादच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटे गमावलेला बिहारचा एक तरुण मला काही महिन्यांपूर्वी भेटला. अपघातानंतर मालकाने त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात पोहोचवले, पहिल्या मलमपट्टीचे पैसे भरले आणि त्याच संध्याकाळी कर्मचारी राज्य विमा योजनेत त्याची नोंदणी केली. त्या कारखान्यात तो चौदा महिने राबत होता. कागदावर मात्र त्याची नोकरी अपघाताच्या दिवशी सुरू झाली होती.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात जखमी होणाऱ्या कामगारांना मदत करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था आपल्या अहवालांतून हेच सांगत आली आहे, की अनेक कामगारांच्या हाती विम्याचे ओळखपत्र पडते ते अपघातानंतरच. विमा संकटापूर्वी घ्यायचा असतो, हा साधा नियम आपल्या कारखानदारीत उलटा झाला आहे.

कायद्यांची उणीव आहे, असे नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, तर कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 चा. या दोहोंची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. जखमी कामगारासाठीचे दोन जुने मार्ग मात्र संहितेतही तसेच राहिले आहेत. विमा योजनेत असलेल्याला महामंडळाच्या किंवा त्याच्याशी संलग्न रुग्णालयात उपचार मिळतात आणि कामावर जाता येत नाही त्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. कामावरील इजेसाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असण्याची अटही नाही. जो या योजनेबाहेर आहे, त्याची जबाबदारी थेट मालकावर येते.

अडचण या दुसऱ्या मार्गावर आहे. 2009 च्या दुरुस्तीने उपचारांचा प्रत्यक्ष खर्च कामगाराला परत मिळण्याचा हक्क दिला. ही सुधारणा मोलाची होती. पण ‘परत मिळणे’ या शब्दांतच तिची मर्यादा दडलेली आहे. खर्च परत मिळण्यासाठी तो आधी करावा लागतो. महिन्याला बारा-पंधरा हजार कमावणारा माणूस शस्त्रक्रियेचे पैसे आणणार कुठून? तो सावकाराकडे जातो, घरचे दागिने गहाण ठेवतो किंवा अर्धवट उपचारांवर भागवतो. नीट उपचार न झालेला हात पुढे आयुष्यभर निकामी राहतो आणि मग भरपाईच्या टक्केवारीवरून वाद सुरू होतो.

तो वाद किती लांबू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. एका साखर कारखान्याचा पहारेकरी 2003 मध्ये पहाटे कामावर जाताना रस्त्यात अपघाती मरण पावला. हा मृत्यू नोकरीच्या ओघात झाला, यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते जुलै 2025 मध्ये. निकाल न्याय्य होता; त्यासाठी कुटुंबाला बावीस वर्षे थांबावे लागले. कामावर येता-जाता होणाऱ्या अपघातांचा संहितेने आता स्पष्ट समावेश केला आहे, हे स्वागतार्हच आहे.

मग सर्वांना पहिल्याच मार्गावर का आणू नये? तिथे वेतनमर्यादेची भिंत उभी आहे. विमा योजनेसाठीची 21 हजार रुपयांची मर्यादा जानेवारी 2017 पासून बदललेली नाही. दरम्यान दिल्लीत कुशल कामगाराचे किमान वेतनच 22 हजारांच्या पुढे गेले आहे. म्हणजे जो कायद्याने ठरवलेले किमान वेतन घेतो, तोच कामगार त्या वेतनामुळे विम्याबाहेर फेकला जातो. याहून विचित्र विसंगती शोधूनही सापडणार नाही.

लहान उद्योजकांची तक्रार मी ऐकली आहे. मोठ्या कंपन्या दर पाडून माल घेतात, त्यात आणखी बोजा कसा पेलायचा, असा त्यांचा प्रश्न असतो. तो खोटा नाही. पण 2019 मध्ये वर्गणीचा एकूण दर साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आला असून त्यातला मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आहे. एका गंभीर अपघाताचा खर्च स्वतः सोसण्यापेक्षा हा वाटा नियमित भरणे लहान मालकाच्याही हिताचे आहे. बोजा खरोखर वाटून घ्यायचा असेल, तर सुटे भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी पुरवठादाराच्या प्रत्येक कामगाराची विमा नोंदणी ही खरेदीची अट करावी.

सरकारने करण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. वेतनमर्यादा किमान वेतनाशी जोडावी, म्हणजे ती आपोआप वाढत राहील. अपघाताच्या आसपास झालेल्या प्रत्येक नोंदणीची आपसूक तपासणी व्हावी. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: नोंदणी असो वा नसो, कामावर जखमी झालेल्या कोणालाही महामंडळाने उपचार द्यावेत आणि खर्च मालकाकडून वसूल करावा. मालकाने कर्तव्य चुकवले, तरी लाभ देऊन त्याची रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार महामंडळाला पूर्वीही होता आणि संहितेतही आहे. तो अपवादाने वापरण्याऐवजी रुग्णालयाच्या दारातच, नियम म्हणून वापरला जावा. महामंडळाच्या जमाखर्चात वर्षानुवर्षे शिल्लक राहत आली आहे. त्यामुळे पैशाची सबब टिकणारी नाही.

तो तरुण आता गावी परतला आहे. त्याच्या कागदपत्रांतल्या तारखेचा वाद अजून मिटलेला नाही. मालक आणि महामंडळ यांच्यात तो खुशाल चालू द्यावा. त्याची किंमत कामगाराच्या हाताने चुकवावी लागू नये.