परिचर्या ही उरलेल्यांची विद्या नव्हे

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या हुबळीच्या कचेरीत एक निराळीच गर्दी होऊ लागते. ही गर्दी खटल्यांची नव्हे, दाखल्यांची. पी.यू.सी.चा निकाल लागलेला असतो, सी.ई.टी.ची परीक्षा होऊन गेलेली असते आणि मुलीच्या एका कागदावर बापाचे नाव एका तऱ्हेने व दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले आढळते. मग प्रतिज्ञापत्रासाठी वकिलाचे दार. यंदा या गर्दीत हल्याळकडील एक विधवा आपल्या मुलीस घेऊन आली होती. घरची भाषा कोकणी, शाळा मराठी, कॉलेज धारवाडचे व म्हणून इंग्रजी. काय व्हायचे आहे, असे मी सहज विचारले. "नर्स, काका," मुलगी म्हणाली. आई ओशाळली आणि घाईघाईने पुस्ती जोडून गेली, "डॉक्टरकीला मार्क पुरणार नाहीत, साहेब, म्हणून नर्सिंग."

त्या माउलीच्या या 'म्हणून' शब्दाशी माझे भांडण आहे.

त्या मुलीने अर्धांगाने अंथरुणास खिळलेल्या आजीची दोन वर्षे शुश्रूषा केली होती. दर दोन तासांनी कूस बदलायची हे तिला कोणी तरी एकदा सांगितले होते. ते तिने रात्रीच्या रात्री पाळले, आणि आजी गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही व्रण नव्हता. हे सारे मला आईकडून कळले; मुलीला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नव्हते. वाटावे तरी कसे? ज्या परीक्षेच्या पायी तिने वर्षभर डोळे शिणविले तिच्यात या दोन वर्षांना एकही गुण नाही.

कर्नाटकात बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश आता सी.ई.टी.मार्फत होतो. पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र, प्रत्येकी साठ प्रश्न आणि ऐंशी मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास ऐंशी सेकंद. हेच प्रश्न शेतकीला जाणाऱ्यास, हेच पशुवैद्यकास, हेच औषधनिर्माणास. तिन्ही विषय परिचारिकेस अनावश्यक आहेत असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. शिरेतून द्यावयाच्या द्रवाचे प्रमाण ज्याला उमजत नाही त्याच्या हाती रुग्ण देऊ नये. परंतु आवश्यक असणे निराळे आणि पुरेसे असणे निराळे, हा भेद आम्हां वकिलांस पहिल्या वर्षी शिकवितात.

आणखी एक गोष्ट पाहावी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. त्यामुळे प्रत्येक क्लासचा पहिला उपदेश असा की, येत नसले तरी एक वर्तुळ काळे कराच, कोरे सोडू नका. परीक्षेपुरता हा उपदेश शहाणपणाचा आहे, मीही माझ्या भाच्यास तोच केला. पण रुग्णाच्या उशाशी औषधाची मात्रा ठाऊक नसता अंदाजाने वर्तुळ काळे करणारी परिचारिका आपणांपैकी कोणास हवी आहे? तेथे "मला ठाऊक नाही, विचारून येते" हेच बरोबर उत्तर असते, आणि नेमक्या त्याच उत्तरास या उत्तरपत्रिकेत जागा नाही.

नियम करणाऱ्यांस हे कळत नव्हते असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगसाठी जी सुधारित नियमावली प्रसिद्ध केली तिच्यात प्रवेशपरीक्षेचा आराखडा स्पष्ट दिला आहे. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी यांस प्रत्येकी वीस गुण, आणि उरलेले वीस परिचर्येच्या कलास. शेजारच्या महाराष्ट्रात नर्सिंगची स्वतंत्र परीक्षा होते व तिच्यात कलाचा हा विभाग आहे. आमच्याकडे सर्वांसाठी एकच चाळण. धान्यही तिनेच चाळायचे आणि पीठही तिनेच.

याचा परिणाम केवळ गुणपत्रिकेवर होत नाही, मनावर होतो. जी विद्या आपल्या दारात येणाऱ्यास स्वतःविषयी एकही प्रश्न विचारीत नाही तिला लोक उरलेल्यांची विद्या समजले तर दोष कोणाचा? पसंतीक्रम भरताना वर काय लिहिले जाते आणि तळाशी काय, हे प्रत्येक पालकास ठाऊक आहे. ज्या मुलीस परिचारिकाच व्हायचे आहे ती, दुसरे काही न मिळाल्यामुळे तेथे आलेल्या व संधी मिळताच निघून जाणाऱ्या उमेदवाराच्या मागे, चार-दोन गुणांनी रांगेत उभी राहते.

यावर माझे एक विद्वान व्यवसायबंधू म्हणतात की, गुणांखेरीज दुसरे काही मोजावयास गेलात की वशिला आलाच. छापील प्रश्नपत्रिका निदान कोणाची भाची ओळखत नाही. आक्षेप भक्कम आहे. खाजगी संस्थांतील जागांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु या आक्षेपाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने कधीच देऊन ठेवले आहे. अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब या १९८० सालच्या निर्णयात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा प्रश्न होता. तेथे लेखी परीक्षेस शंभर व मुलाखतीस पन्नास गुण होते आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई. न्यायालयाने हे प्रमाण मनमानीचे ठरविले. परंतु तोंडी परीक्षाच त्याज्य आहे असे म्हटले नाही. शेकडा पंधरांहून अधिक गुण तीस नसावेत, आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे हे इष्ट, असे सांगितले. तेव्हा मर्यादा आखलेली आहे, पहारा कसा ठेवावा तेही सुचविलेले आहे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र असता ते अवघड आहे असे कोण म्हणेल?

सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांकडे पाहा. तेथे नीटचे गुण घेतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. बुद्धिमत्ता व इंग्रजीची वेगळी चाचणी, मानसशास्त्रीय कसोटी आणि मुलाखत होते. जखमी जवानाच्या उशाशी कोण बसणार हे समोर बसवून पाहण्याची गरज सरकारास वाटते. शेतकऱ्याच्या उशाशी कोण बसणार, हे मात्र गुणांच्या यादीवर सोपविता येते! (जाता जाता, ही नीट तेरा भाषांत देता येते. तींत मराठी आहे, कन्नड आहे. १९९२ साली आठव्या परिशिष्टात आलेली कोकणी मात्र अद्याप नाही. या मासिकाच्या निम्म्या वाचकांस हे खटकत असेलच.)

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझी मागणी स्पष्ट मांडतो. ते पंधरा गुण तोंडी परीक्षेस द्यावेत आणि ती रुग्णाच्या भाषेत घ्यावी. हुबळी-धारवाडच्या रुग्णालयांत गदग-हावेरीचा कन्नडभाषक येतो, जुन्या हुबळीतील उर्दू बोलणारा येतो, जोयड्याच्या रानातून कोकणी बोलणारी म्हातारी येते. मागे मी एका नातलगाच्या आजारपणात एका वॉर्डात बसलो असता अशीच एक म्हातारी पोटावर हात ठेवून एकच शब्द पुनःपुन्हा सांगत होती, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाची सून तिची दुभाषी झाली. उमेदवाराने कन्नडात तर बोलावेच. मराठी मुलींस कन्नड आले पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही, आणि जे मराठी गृहस्थ यावर नाक मुरडतात त्यांनी आजारी पडून पाहावे. परंतु त्याखेरीज या भागातील आणखी एक भाषा येत असेल तर तिचे गुण मिळावेत. हल्याळच्या त्या मुलीस चार भाषा येतात. सध्याच्या परीक्षेत तिच्या या संपत्तीचे मोल शून्य आहे.

आता थोडे आपल्याच घरात. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यास सेवासदन काढले आणि विधवांसह कितीतरी स्त्रियांस ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देवविले. त्या काळी प्रवेशपरीक्षा नव्हती. परक्याच्या देहास हात लावणार का, जातीबाहेरच्याचे मलमूत्र काढणार का, हे प्रश्न वाड्यावाड्यांतून विचारले जात आणि त्यांची उत्तरे त्या स्त्रियांनी दिली. आमच्या सभांतून रमाबाईंच्या तसबिरीस हार घालणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांतील एकाने गेल्या वर्षी आपल्या कन्येचा अर्ज भरताना नर्सिंगचा रकाना मुद्दाम कोरा ठेवविला, कारण पुढे स्थळे येताना अडचण होते. सी.ई.टी.ला दोष देताना या गृहस्थांस सोडून देणे मला जमत नाही. परीक्षा चुकीची आहे ती पुष्कळशी यांच्याच मताची छापील आवृत्ती असल्यामुळे.

प्रतिज्ञापत्रावर सही करताना आईने पुन्हा एकदा विचारले, "साहेब, दुसरे काही मिळत असेल तर नर्सिंग खाली घालू का?" मुलीने माझ्याकडे पाहिले नाही, आईकडे पाहिले. नर्सिंग पहिल्या ओळीत राहिले. पहिल्या फेरीत तिचे नाव लागले नाही. दुसऱ्या फेरीची यादी अजून यावयाची आहे.