काचेवरचीं चिनी अक्षरें

गेल्या मृगाच्या सुमारास आमचे चिरंजीव सिंगापुराहून सहकुटुंब वाशीमला आले होते. नात सहा वर्षांची. तेथील पुष्कळ बालवाड्यांतून इंग्रजीच्या जोडीनें चिनी भाषा शिकवितात. सुटींत तो अभ्यास बुडूं नये म्हणून सूनबाईंनीं मुलीच्या हातीं काचेची एक पाटी दिली होती. टॅब्लेट तो हाच. राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत ज्या वत्सगुल्म नगरींत काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लाविला, त्या आमच्या गांवीं ही पोर ओटीवर बसून काचेवर बोट ओढीत चिनी अक्षरें गिरवीत असे. खरें सांगावयाचें तर पहिले दोन दिवस हा प्रकार आम्हांस मुळींच रुचला नाहीं. जन्मभर खडू झिजविलेल्या मास्तरास यंत्राचा मास्तर कसा रुचावा?

तिसऱ्या दिवशीं पावसानें कोंडून घातलें, तेव्हां जवळ बसून पाहिलें. एक आडवी रेघ, तीवरून एक उभी, आणि दोहों बाजूंस दोन तिरप्या, हें झाड. रेघांचा क्रमही ठरलेला. तो चुकला तर यंत्र पुढें जाऊं देत नाहीं. दोन झाडें शेजारीं ठेविलीं कीं वन, तीन रचिलीं कीं दाट अरण्य. येथवर सोपें. पण अक्षरें सगळींच अशीं चित्रें नव्हेत; बहुतेकांत एक भाग अर्थ सुचवितो, दुसरा उच्चार. ‘आई’ या अक्षरांत डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा! ‘आई घोड्यावर बसते काय ग?’ असें आम्हीं विचारतांच नात खदखदून हंसली. सूनबाईंनीं उलगडा केला कीं घोड्यास चिनींत ‘मा’ म्हणतात, आईसही ‘मा’च, केवळ सूर निराळा, तेव्हां घोडा येथें उच्चारापुरता बांधला आहे. १७१६ सालच्या कांगशी कोशांत हीं अक्षरें २१४ मूलचिन्हांखालीं वर्गवार लाविलीं आहेत, हें वाचून आम्हांस तर धातुपाठाचे गण आठवले.

यंत्राचे गुण झांकण्यांत अर्थ नाहीं. जर्मन पंडित हेर्मान एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं स्मरणशक्तीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेलें आरंभीं झपाट्यानें विसरतें, आणि आवृत्ति अंतराअंतरानें केली तर टिकतें, हें त्यांतून दिसलें. ॲपची मांडणी त्याच तत्त्वावर: चुकलेलें अक्षर लौकर परत येतें, साधलेलें चार दिवसांनीं. आमच्या रूपावलीच्या आवृत्त्या कोणीं अशा हिशेबानें घेतल्या असत्या तर पुष्कळ अश्रु वांचले असते. शिवाय यंत्र रागावत नाहीं. आम्ही रागावत होतों. ‘ळ’ उलटा काढतो म्हणून एका मुलाच्या बोटांवर आमच्या हातून पट्टी बसली होती. पुढें आम्ही जवळ गेलों कीं तो पेन्सिल टाकून हात मागें घेई. त्या ओटीवर बसल्या बसल्या तो हात आम्हांस स्पष्ट दिसला.

पांचव्या दिवशीं आम्हीं तिच्यापुढें आमची जुनी दगडी पाटी ठेविली आणि म्हटलें, ‘आई काढ.’ बाई निघाली. घोड्यापाशीं पोर अडली. साराच घोडा तीन रेघांचा, पण तो कांहीं केल्या येईना. डोळे भरून आले. कारण शोधिलें तें असें: काचेवर अक्षराची फिकट छाया अगोदरच असते, आणि बोट थोडें चुकलें तरी यंत्र ती रेघ आपण होऊन जागेवर सरकवितें. मुलीस वाटलें, आपणांस येतें. ओळख झाली होती, लेखन झालें नव्हतें.

हा भेद चिनी शिक्षणखातें पक्का जाणतें. त्यांच्या २०११ च्या अभ्यासक्रमांत पहिल्या दोन इयत्तांत १६०० अक्षरें ओळखावयाचीं, पण लिहावयाचीं ८०० च. मोठ्या माणसांसही यंत्रावर उच्चार टंकून अक्षर मिळविण्याची संवय लागल्यामुळें लेखणी उचलली कीं अक्षर विसरतें, अशी तक्रार तिकडे आहे. बीजिंगच्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वाचनाचें कौशल्य हातानें लिहिण्याशीं निगडित आढळलें.

तेव्हां काच काढून घेतली नाहीं, तिचा क्रम तेवढा बदलला. आजीनें परातींत तांदूळ पसरले. अक्षर काचेवर पाहावयाचें, एकदां गिरवावयाचें, मग काच पालथी. तेंच तांदुळांत बोटानें, नंतर पाटीवर. दिवसाला पांच अक्षरें, अर्ध्या घटकेहून अधिक नाहीं, आणि वडील माणूस शेजारीं. ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत त्यांनीं हें करून पाहावें. चिनी न येणाऱ्या आजीसही साधतें, कारण नमुना काचेवर आहेच.

आमची खरी चिंता वेगळीच होती. सिंगापुरांतल्या शाळांतून हिंदी, गुजराती, बंगाली घेतां येते, मराठी नाहीं. आजीनें लिहिलेलें पत्र या पोरीस कोण वाचून दाखविणार? तें आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं तिनें परातींत चिनी ‘आई’ काढिली, घोड्यासकट, आणि विचारिलें, ‘आजोबा, आपली कशी काढतात?’ आम्हीं शेजारीं काढून दाखविली. तिनें निरखून पाहिलें. ‘यांत घोडा नाहीं?’

आतां दर रविवारीं ती फोनच्या पडद्यावर पाटी दाखविते: चिनी पांच, मराठी दोन. ‘ळ’ अजून उलटा निघतो. आम्ही अद्याप कांहीं बोललों नाहीं.