आधी टपाल, मग पान, शेवटी किंमत
साप्ताहिक स्तंभ : छापील पान

जबलपूरमधल्या बडा फुहाऱ्याच्या बाजाराची भाषा हिंदी आहे. त्यामुळे इथल्या मराठी लेखकाने पदरमोड करून कादंबरी काढली, तरी तिचे सगळे वाचक कमानिया गेटच्या परिसरात भेटणार नाहीत. ते नागपूर, इंदूर, पुणे असे विखुरलेले असतात आणि पुस्तक त्यांच्याकडे बहुधा टपालानेच जाते. तरीही आकार, कागद आधी ठरतात आणि छपाईचे बिल हाती आले की किंमत बेतली जाते. हा क्रम उलटा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब मांडून पाहू. 70,000 शब्दांची कादंबरी डेमी आकारात, पानाला सुमारे 300 शब्द धरले तर 240 पानांत बसते. म्हणजे सोळापानी 15 फॉर्म. कागद 70 जीएसएमचा घेतला तर मुखपृष्ठासह वजन अंदाजे 275 ग्रॅम भरते. 80 जीएसएमचा घेतला तर ते 300च्या पुढे जाते. टपाल खात्याच्या 1 मे 2025 रोजी सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ या पुस्तकांसाठीच्या टपालसेवेचा पहिला टप्पा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, अधिक कर, असा आहे. कागद जरा जाड निवडला की प्रत्येक प्रतीचा टपालखर्च वाढतो. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नसल्याने कागदावर भरलेला कर वळता होत नाही. तोही किमतीतच धरावा लागतो.

मग टाइप बारीक करून आणखी फॉर्म वाचवावेत का? नाही. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार; ओळींत मोकळी जागा नसेल तर मात्रा एकमेकींना भिडतात आणि वाचक दहाव्या पानावर थकतो. मुद्रितशोधनातली काटकसर तर त्याहून महागात पडते. युनिकोडमधली फाइल हिंदीला सरावलेल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये उतरली, की ‘दऱ्या’च्या ‘दर्या’ होऊ शकतात. मराठी मुद्रितशोधकाचे मानधन खर्चात पहिल्यापासून धरावे.

वितरकाला चाळीस-पन्नास टक्के सूट द्यायची, म्हणून किंमत चढीच छापावी लागते, असा आक्षेप येईल. दुकानांतून विक्री होणार असेल तर तो रास्तच आहे. पण वाचक थेट लेखकाकडून पुस्तक मागवणार असेल, तर जी सूट कुणाला द्यायचीच नाही तिचा भार त्याने का उचलावा? ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने सत्तरच्या दशकात वाचकांनाच सभासद करून त्यांच्यापर्यंत सवलतीत पुस्तके नेली. लेखकानेही प्रकाशनपूर्व किंमत जाहीर करावी, पैसे भरलेल्या वाचकांची यादी करावी आणि तेवढ्याच प्रती, थोड्या जास्तीच्या धरून, डिजिटल छपाईने काढाव्यात. हजार प्रती काढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो हे खरे. पण न खपलेल्या सातशे प्रतींचा खर्च शेवटी लेखकाच्याच खिशातून जातो आणि दुसरी कादंबरी काढायची उमेद तिथेच खचते.