मागुराचें बियाणें आणि वेगळा हौद

बाजारांतून नवा बैल आणला तर कोणताहि जाणता शेतकरी पहिल्याच दिवशीं त्यास आपल्या दावणीला बांधीत नाहीं. पंधरा-वीस दिवस तो त्यास निराळ्या मांडवांत ठेवितो, पाणी निराळ्या भांड्यांतून पाजतो, आणि लाळ-खुरकुताची शंका फिटल्यावरच घरच्या जनावरांत सोडतो. हेच शेतकरी शेततळ्यांत मासे सोडतांना मात्र गाडीवरून पिशवी उतरली कीं ती तळ्यांत रिती करून मोकळे होतात. पिल्लें बोटाएवढीं, किंमत थोडी, आणि रोग डोळ्यांस दिसत नाहीं; तेव्हां काळजी ती कसली, असा त्यांचा समज असावा. हा समज महागांत पडतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राज्यांत २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळें’ या योजनेमुळें गांवोगांवीं शेततळीं झालीं, व पाण्याचा दुहेरी उपयोग म्हणून पुष्कळांनीं त्यांत रोहू, कटला व मृगळ सोडले. आतां कित्येकांचें लक्ष मागूर व शिंगी या मिशांच्या माशांकडे वळलें आहे. ते योग्यच आहे. या माशांस कल्ल्यांखेरीज हवेंतून श्वास घेण्याचें इंद्रिय असल्यामुळें उन्हाळ्यांत पाणी आटलें तरी ते तग धरितात, आणि बाजारांत जिवंत विकले जातात. परंतु हा चिवटपणाच फसवा आहे. ज्या प्रवासांत रोहूचें पिल्लूं मरून आपला रोग उघड करील, त्याच प्रवासांत मागुराचें पिल्लूं जिवंत राहून तो रोग आपल्या तळ्यांत पोंचवितें.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचेंच पाहा. रव्याच्या कणाएवढे ठिपके अंगावर दिसतात, ते एका सूक्ष्म परोपजीवी प्राण्याचे होत. हा प्राणी कातडीच्या आंत असेपर्यंत पाण्यांत टाकलेलें औषध त्यास लागत नाहीं. पुरता वाढला म्हणजे तो माशावरून गळून तळाशीं जातो, तेथें कोष करितो, आणि कोष फुटून एकाचे शेंकडों झालेले जीव नवा मासा शोधीत पोहूं लागतात. औषध काय तें या पोहण्याच्या अवस्थेंतच लागूं पडतें. पाण्याची उष्णता २५ अंशांच्या सुमारास असतां हा फेरा आठवड्याच्या आंतबाहेर पुरा होतो. थंडींत त्यास दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणून चार दिवस मासे वेगळे ठेवून ‘कांहीं दिसलें नाहीं’ असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. पावसाळ्यांत तीन आठवडे, आणि थंडींत त्याहून अधिक, हाच खरा हिशेब होय.

दुसरा रोग व्रणांचा. एका जलबुरशीमुळें होणारा हा रोग १९८८ सालीं ईशान्य भारतांत शिरला व पुढें देशाच्या बहुतेक भागांत पसरला. पाणी थंडावूं लागलें कीं माशाच्या अंगावर लाल चट्टे उठतात व त्यांच्या खोल जखमा होतात. मरळ आणि मागूर या दोहोंसहि तो होतो. तळ्यांत तो एकदां शिरला कीं बरा करण्यापेक्षां तळें आटवून, चुना टाकून, नव्यानें आरंभ करणें पुष्कळदां स्वस्त पडतें. एका शेततळ्याचें पाणी उपसावयाचें म्हणजे काय, हें पाण्यासाठीं वणवण करणाऱ्यांस सांगावयास नको.

यावर उपाय साधा आहे. आठ फूट लांब, पांच फूट रुंद असा हौद, व त्यांत दीड फूट पाणी, एवढें पांचशें पिल्लांस पुरतें. पाणी याहून खोल नसावें. पिल्लांस श्वासासाठीं वारंवार वर यावें लागतें. वरून जाळें मात्र घट्ट बांधावें, कारण पावसाच्या रात्रीं मागूर हौदाबाहेर सरपटत निघतो. पिशवी प्रथम तशीच पाण्यावर तरंगत ठेवावी, मग हौदाचें पाणी तींत थोडें थोडें मिसळावें, आणि शेवटीं पिल्लें तेवढीं हौदांत घेऊन पिशवींतलें पाणी दूर जमिनीवर ओतून द्यावें. तें तळ्याकडे जातां कामा नये. हौदाची जाळी, बादली व नळी स्वतंत्र असावी. आणि रोजचें खाद्य आधीं तळ्यांत, मागाहून हौदांत, या क्रमानें घालावें.

रोज पाहावयाचें तें मिशांकडे. निरोगी मागुराच्या मिशा लांब व अखंड असतात. त्या झिजूं लागल्या, पिल्लूं तोंड वर व शेपूट खालीं करून लटकूं लागलें, अथवा खाद्यास उठेनासें झालें, तर तें पिल्लूं तत्काळ बाजूस काढावें. मोठीं पिल्लें धाकट्यांस खातात, यास्तव आकारवारी करून तीं निरनिराळीं ठेवावीं. मागुरास खवले नसल्यामुळें तीव्र औषधें त्याच्या उघड्या कातडीस बाधतात. मीठ हजार लिटरांस एक ते तीन किलो, तेंहि हळूहळू वाढवीत, चालतें. पोटॅशियम परमँगनेट हातअंदाजानें टाकूं नये, आणि मॅलॅकाईट ग्रीन तर खाण्याच्या माशांस सर्वथा वर्ज्य आहे. (शिंगी हाताळतांना तिच्या बाजूच्या काट्यास जपावें, तो विषारी असतो, व त्याचा ठणका ज्यानें सोसला आहे तो पुन्हा उघड्या हातानें शिंगी धरीत नाहीं.)

या तीन आठवड्यांचा आणखी एक उपयोग आहे. देशी मागुराचें बीज मिळणें कठीण; मादी अंडीं थोडीं देते, व नराचें शुक्र मिळविण्यासाठीं बहुधा त्यास मारावेंच लागतें. म्हणून ‘देशी’ म्हणून बाजारांत जें स्वस्तांत मिळतें, तें पुष्कळदां थाई मागूर या नांवानें चालणारा आफ्रिकेचा मासा असतो. त्याच्या संवर्धनास २००० सालींच बंदी झाली, व २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेंहि त्याविरुद्ध आदेश दिले. तो तळ्यांतले दुसरे मासे फस्त करितो, आणि पावसांत तळें ओसंडलें कीं ओढ्यानें नदींत जातो. त्याचें डोकें अधिक चपटें व मोठें, अंगावर संगमरवरी डाग, आणि वाढ झपाट्याची. पिशवींत हे भेद ओळखूं येत नाहींत. हौदांत शंका तरी येते, आणि शंका येतांच मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास दाखवितां येतें. तळ्यांत सोडल्यावर पकडणार कसें?

कित्येक ठिकाणीं अशी सूचना ऐकूं येते कीं, प्रत्येकानें हौद बांधण्यापेक्षां संघानें एक मोठा सामाईक हौद बांधावा. सूचना सद्हेतूची व काटकसरीची आहे, तरीहि आम्हांस ती मान्य नाहीं. सोमवारीं एकाचें बीज आलें, गुरुवारीं दुसऱ्याचें आलें, कीं पहिल्याचे तीन आठवडे गुरुवारपासून पुन्हा मोजावयास हवेत. आणि एकाचा रोग एकाच आठवड्यांत सर्वांच्या दारीं पोंचतो. असला हौद म्हणजे क्वारंटाईन नव्हे, ती जत्रा होय. संघानें करावयाचें काम निराळें आहे. सभासदांची मागणी आधीं गोळा करावी, एकाच खात्रीच्या बीजकेंद्राकडून एकाच दिवशीं बीज आणावें, आणि त्याच दिवशीं तें ज्याच्या त्याच्या हौदावर पोंचवावें. बीज पावसाळ्यांत मिळतें, तेव्हां मागणी उन्हाळ्यांतच नोंदविली पाहिजे. नवा सिमेंटचा हौदहि तेव्हांच बांधून ठेवावा. त्याचा क्षार उतरावयास दोन-तीन आठवडे लागतात, व तेवढ्यांत पाणी पुनःपुन्हा भरून सोडून द्यावें लागतें.