अस्थींची मालकी कोणाची?

मृत्यू राजा आणि रंक यांना एका पातळीवर आणतो, असे आपण म्हणत आलो आहोत. युरोपातील अस्थिगृहांचा इतिहास चाळला, तर या समजुतीविषयी शंका वाटू लागते.

चेक प्रजासत्ताकात कुटना होरा हे जुने शहर आहे. तेथील सेडलेत्स भागातल्या एका छोट्या चर्चच्या तळघरात किमान चाळीस हजार माणसांच्या अस्थी आहेत. छताला हाडांचे झुंबर टांगलेले असून कमानींवर कवट्यांच्या माळा आहेत. अस्थी नदीत विसर्जित करणाऱ्या आपल्या समाजास हे दृश्य बीभत्स वाटेल. परंतु त्याचा उगम विकृतीत नसून टंचाईत आहे. १२७८ मध्ये येथील मठाधिपतीने ख्रिस्ताच्या वधस्थानाची, गोल्गोथाची, माती आणून या दफनभूमीत टाकली, असे परंपरा सांगते. तेव्हापासून तेथे चिरविश्रांती मिळावी, अशी अनेकांची इच्छा असे. त्यात चौदाव्या शतकात प्लेग आला आणि पंधराव्या शतकात हुसाइट युद्धे झाली. जमीन तेवढीच राहिली, मागणी मात्र वाढत गेली. पुढे काय झाले हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. जुन्या मृतांना नव्या मृतांसाठी जागा रिकामी करून द्यावी लागली. पॅरिसमध्येही १७८६ पासून ओसंडलेल्या दफनभूमींतील अस्थी दगडाच्या जुन्या खाणींत हलविण्यात आल्या.

येथवर कोणास दोष देता येणार नाही. शिवाय अस्थी दृष्टीसमोर ठेवण्यात देहाच्या नश्वरतेची आठवण देण्याचा धार्मिक हेतूही होता. प्रश्न उद्भवतो तो यानंतर. सेडलेत्सचा मठ १७८३ मध्ये बरखास्त झाला आणि ती मालमत्ता पुढे श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याकडे गेली. या घराण्याने फ्रांतिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला अस्थींची मांडणी करावयास सांगितले. १८७० मध्ये त्याने काय घडविले? इतर सजावटीबरोबर खुद्द मालकांचे कुलचिन्ह! मग कारागिराने आपले नावही भिंतीवर हाडांनीच लिहिले. ज्या शहराच्या चांदीतून १३०० पासून प्रागचे प्रसिद्ध नाणे पाडले गेले, त्या शहराच्या मातीतील माणसांची हाडे अखेर एका जमीनदाराच्या वैभवाची निशाणी ठरली. त्या तळघरात मालकाचे चिन्ह आहे, कारागिराचे नाव आहे. मृतांपैकी मात्र एकाचेही नाव त्या रचनेत नाही.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रियातील हाल्श्टाटचे आहे. डोंगर आणि सरोवर यांच्यामध्ये चिमटलेल्या या गावात मिठाच्या खाणी आहेत, आणि दफनासाठी जमीन तेथेही अपुरी पडे. म्हणून काही वर्षांनी थडगे उघडून अस्थी बाहेर काढीत. परंतु तेथील अस्थिगृहातल्या सुमारे बाराशे कवट्यांपैकी निम्म्याहून अधिक कवट्यांवर पानाफुलांची नक्षी रंगविलेली असून अनेकींवर मृताचे नावही लिहिलेले आहे. टंचाई तीच, धर्म तोच. मात्र तेथे कवटी ही कोणाची तरी आजी, कोणाचा तरी बाप राहिली.

सेडलेत्समध्ये पाहुण्यांच्या छायाचित्रांवर २०२० पासून निर्बंध घालण्यात आले. कवट्यांशेजारी हसत उभे राहणाऱ्यांचा उपद्रव पाहता हा निर्णय योग्यच होय. तथापि केवळ पाहुण्यांना शिस्त लावून भागणार नाही. अस्थिगृहे बंद करावीत, असे माझे म्हणणे नाही; ती इतिहासाची साधने आहेत. पण तेथे येणाऱ्यास झुंबराच्या कौशल्याआधी ही माणसे कोण होती, कशाने मेली आणि कोणाच्या इच्छेने त्यांची मांडणी झाली, हे सांगितले गेले पाहिजे. मृतांची नावे आता परत आणता येणार नाहीत. निदान ती माणसे होती, एवढी नोंद तरी त्यांच्या खात्यावर जमा असावी.