दया नको, दाम द्या

पनवेलनजीक नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. समाजाने ज्यांना घराबाहेर काढले, त्यांच्या पुनर्वसनाचे कार्य तेथे अनेक दशके चालत आले आणि त्या कार्यात हातमागालाही स्थान मिळाले. वरोऱ्याच्या आनंदवनातही हेच घडले. रोगाने संवेदना हिरावलेल्या बोटांनी कांडी भरणे, तुटलेला धागा सांधणे, पावडी दाबत धोटा धाडणे हे कष्टाचे काम आहे. बधिर हाताला जखम झाली तरी कळत नाही. हे कष्ट उपसून उभा राहणारा माणूस भिक्षा नाकारतो आणि मजुरी मागतो.

त्याला मजुरी देण्यास मात्र आपला समाज अद्याप तयार नाही. शहरातील सज्जन त्याची चादर पुण्य म्हणून विकत घेतात. श्रीमंतांच्या दुकानांत तसलेच सुती कापड प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून चौपट किमतीला खपते. विणणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न दोन्हीकडे कोणी विचारीत नाही.

शासनाचे वर्तन तर याहून दांभिक आहे. 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो. त्याच शासनाने 2020 साली, ऐन त्या दिनाच्या तोंडावर, अखिल भारतीय हातमाग मंडळ मोडीत काढले. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलून यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरच्या राष्ट्रध्वजास मुभा दिली. हातसूत आणि हातविणीचा हक्काचा ग्राहक अशा रीतीने एका आदेशाने पळविला गेला. 1985 च्या कायद्याने 22 प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले होते. ती यादी पुढे 11 वर आणली गेली. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांहून अधिक विणकर व साहाय्यक कामगार आढळले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांची मासिक मिळकत पाच हजार रुपयांहूनही कमी होती. गौरवाची भाषणे या चुलीवर शिजत नाहीत.

यंत्रमागाचे कापड स्वस्त असताना हा अट्टाहास कशासाठी, असे विचारले जाते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला बारा-बारा तास राबवून ते स्वस्त होते, हे विचारणारे सोयीस्करपणे विसरतात. साऱ्या देशाने हातमागाचेच नेसावे, अशी मागणी कोणी करीत नाही. यंत्रमाग कामगार आणि हातमाग विणकर हे एकमेकांचे वैरी नव्हेत. दोघांच्याही श्रमाची किंमत पाडणारी व्यवस्था हीच त्यांची वैरी आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सरकारी रुग्णालयांच्या चादरी, आश्रमशाळांचे टॉवेल व सतरंज्या यांचा ठरावीक हिस्सा हातमाग सहकारी संस्था आणि पुनर्वसन केंद्रांकडूनच घेतला जावा. दर विणकराच्या किमान वेतनावरून ठरावा. माल पोहोचताच पैसे चुकते व्हावेत.

कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 साली वगळले गेले. कायद्याने उशिरा का होईना, अपमान पुसला. बाजाराने तो अजून पुसलेला नाही. नेऱ्याच्या मागाने श्रमाची प्रतिष्ठा सिद्ध केली आहे. आता समाजाने तिचे मोल रोख मोजावे.