वाटून दिलेली जोखीम

अणुभट्टीतील कामगाराच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याच्या देहाने किती किरणोत्सर्ग झेलला, याचा हिशेब त्यावरून होतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरविलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. मर्यादा पाळली की कामगार सुरक्षित, ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मर्यादा ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. १९७७ साली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाला वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट मान्य होते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या आरोग्याची फेरतपासणी झाल्यावर, १९९० साली, त्याच आयोगाने सरासरी २० ची शिफारस केली. मधल्या काळात वर्षाला ४० झेलणारे कामगार नियमाने निर्धास्त होते, देहाने नव्हे.

आता हिशेब पाहू. ताशी १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते अशा जागी सहा तासांची दुरुस्ती आहे असे समजा. तिघांनी ती केली, तर प्रत्येकी २०. तीस ठेकेदारी मजूर बारा-बारा मिनिटे आत धाडले, तर प्रत्येकी २. नोंदवही निष्कलंक! परंतु एकूण बेरीज दोन्हीकडे ६० च. साराच भार तिघांवर नको, हे रास्त आहे. पण कर्करोगाची शक्यता मात्रेच्या प्रमाणात वाढते, असे हाच आयोग गृहीत धरतो. तेव्हा जोखीम घटत नाही. ती अधिक माणसांत वाटली जाते. मजूर स्वस्त असले की शिशाची आडभिंत, दुरून चालणारी अवजारे, नळ्यांची आगाऊ सफाई हे खर्चाचे उपाय मागे पडतात. आणि वीस वर्षांनी आजारी पडलेल्या मजुराने पुरावा कोठून आणावा?

मोजमापच नसेल, तर हिशेबही फोल ठरतो. जानेवारी २००३ मध्ये कल्पाक्कमच्या इंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्पात सहा कामगारांना मर्यादेपलीकडची मात्रा मिळाली. त्या जागी किरणोत्सर्ग मोजणारे यंत्रच बसविलेले नव्हते.

म्हणून कामगार संघटनांनी केवळ मर्यादेवर समाधान मानू नये. प्रत्येक कामाची एकूण मात्रा, कायम आणि ठेकेदारी कामगारांची वेगवेगळी, जाहीर झाली पाहिजे. आयुष्यभराच्या मात्रेची नोंद कामगाराच्या हाती असली पाहिजे. मोजणीच्या जागी संघटनेचा प्रतिनिधी हवा. जो किरणे झेलतो, हिशेब तपासण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.